मॉनिटर प्रोफाइल केला, तरी अल्बम काळपट आणि साडीचा लाल वेगळाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. डीसीआय-पी३ या (डिजिटल सिनेमासाठी ठरलेल्या मोठ्या) रंगपल्ल्याच्या ९५ टक्के रंग दाखवणारा नवा २७ इंची आयपीएस मॉनिटर तुम्ही घेतला. मित्राचा जुना कलरीमीटर (स्क्रीनचा रंग मोजणारं उपकरण) आणून विंडोजवर कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल केलं, आणि शेवटी सॉफ्टवेअरने सरासरी डेल्टा ई (अपेक्षित आणि मोजलेल्या रंगांतला फरक) ०.६ दाखवला. तरीही लॅबकडून आलेला लग्नाचा अल्बम स्क्रीनपेक्षा काळपट आहे. साडीच्या दुकानासाठी काढलेल्या फोटोंतला लाल फोटोशॉपमध्ये एक दिसतो, तीच फाइल फोल्डरमधून उघडली की भडक दिसतो, आणि दुकानात साडी समोर धरली की तिसराच. दुकानाचा कॅटलॉग दिवाळीआधी ऑफसेटवर छापायचाय. तर मॉनिटर परत करावा, की उपकरण बिघडलंय?

मॉनिटर परत करू नका. तुमच्याकडे तीन वेगळ्या अडचणी एकाच वेळी आल्या आहेत, आणि तिन्हींचं खापर प्रोफाइलवर फुटतंय. काळपट अल्बम हा तेजाचा आणि उजेडाचा प्रश्न आहे. भडक लाल हा प्रोफाइल न वाचणाऱ्या प्रोग्रामचा. तिसऱ्या लालात कलरीमीटरचा थोडा हात असेल, पण दुकानातल्या दिव्यांचा आणि कॅमेऱ्याचा जास्त.

आधी कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल वेगळे करू. सॉफ्टवेअर दोन्ही कामं एकाच बटणाखाली उरकतं, त्यामुळे बहुतेकांच्या मनात ती एकच होऊन बसतात. कॅलिब्रेशन म्हणजे मॉनिटरला ठरलेल्या अवस्थेत आणणं: पांढरा किती तेजस्वी, त्याची छटा कोणती, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे करडे टप्पे कसे चढतात. यातलं काही मॉनिटरच्या मेनूतून होतं आणि उरलेलं ग्राफिक्स कार्डातल्या लाल, हिरव्या, निळ्याच्या तीन तक्त्यांतून. हे तक्ते पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लागू होतात. प्रोफाइल मात्र मॉनिटरमध्ये काडीचाही बदल करत नाही. ती वर्णनाची फाइल आहे. या मॉनिटरचा लाल, हिरवा, निळा नेमका कुठे बसतो, पांढरा कुठे आहे, टोन कसे चढतात, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. या फाइलचा साचा सगळ्या कंपन्यांसाठी एक असावा म्हणून १९९३ साली अ‍ॅडबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम म्हणजे आयसीसी स्थापन केली. ते वर्णन वाचून रंगाचे आकडे बदलून पडद्याकडे पाठवणं हे फोटोशॉपसारख्या प्रोग्रामचं काम. जो प्रोग्राम ते वाचत नाही, त्याच्यापुरतं तुमचं प्रोफाइल नसल्यातच जमा.

आता काळपट अल्बम. नव्या मॉनिटरचा पांढरा बहुधा २५० ते ३५० निट एवढा झगझगीत ठेवलेला असतो (निट म्हणजे कँडेला प्रति चौरस मीटर, स्क्रीनचं तेज मोजायचं एकक). काही सॉफ्टवेअरांत तेजाचा पर्याय मुळात ‘आहे तसं’ असा असतो. तुम्ही तो बदलला नसेल, तर छटा आणि टोन सुधारले, तेज होतं तिथेच राहिलं. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्यावर जेवढा उजेड पडेल त्यातला काही भाग तो परत करतो. याचा हिशेब सोपा आहे. चांगला पांढरा फोटोपेपर सुमारे ८५ टक्के उजेड परत करतो असं धरा. मग कागदावर पडणाऱ्या उजेडाच्या लक्समधल्या आकड्याला ०.२७ ने गुणलं की कागदाचा पांढरा किती निटचा ते मिळतं. ५०० लक्सखाली कागद १३५ निटचा होतो. रात्री एका ट्यूबलाइटच्या दिवाणखान्यात सोफ्यावर बसून अल्बम उघडला आणि तिथे १५० लक्स असले, तर कागद जेमतेम ४० निटचा. स्क्रीन ३०० वर आणि कागद ४० वर, म्हणजे जवळजवळ तीन स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक झाला. तुम्ही फोटोग्राफर आहात, तीन स्टॉप म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

बरं, नुकसान पाहण्यापुरतंच राहत नाही. एवढ्या तेजस्वी स्क्रीनवर एडिट करताना हात आपोआप एक्स्पोजर खाली ओढतो, कारण नवरीचा चेहरा आणि पांढरी फेट्याची किनार डोळ्यांना टोचते. स्क्रीनवर बरा दिसेपर्यंत खाली ओढलेला फोटो फाइलमध्येच काळा झालेला असतो. मग लॅबने ती फाइल अगदी प्रामाणिकपणे छापली तरी अल्बम काळाच येणार. जुन्या कामातली एखादी फाइल उघडून हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख) पाहा. उजेडात काढलेल्या फोटोचाही डोंगर डावीकडे सरकलेला आणि उजवी बाजू ओस पडलेली असेल, तर हेच घडलंय. लॅबशी भांडण्याआधी एवढं तपासून घ्याच.

उपाय करताना सुरुवात प्रिंट पाहण्याच्या जागेपासून करा, मॉनिटरपासून नाही. प्रिंट कोणत्या उजेडात पाहायची याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३६६४. त्यात बारकाईने तुलना करण्यासाठी २००० लक्स आणि नेहमीच्या पाहण्यासाठी ५०० लक्स धरले आहेत, दोन्ही डी५० म्हणजे सुमारे ५००० केल्विनच्या उजेडात. घरच्या टेबलावर ही सगळी व्यवस्था करायची गरज नाही. ५००० केल्विनचा, रंगदर्शनाचा निर्देशांक (सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर असलेला एक चांगला दिवा टेबलाच्या बाजूला लावा. त्याचा उजेड स्क्रीनच्या काचेवर पडणार नाही असा वळवा, आणि प्रिंट ठेवायच्या जागेवर साधारण ३५० ते ४०० लक्स येतील एवढ्या अंतरावर ठेवा. वरच्या हिशेबाने कागद १०० निटच्या आसपास येतो. आता मॉनिटरही १०० निटवर आणा. खोली अंधारी ठेवून काम करत असाल तर ८० पुरेत. एसआरजीबी म्हणजे वेबसाठी आणि साध्या स्क्रीनसाठी रूढ असलेला रंगपल्ला; त्याच्या मूळ व्याख्येतही स्क्रीन ८० निटचीच धरलेली आहे. सुरुवातीला स्क्रीन मलूल वाटेल. डोळ्यांना सवय होऊ द्या, मध्येच ब्राइटनेस वाढवू नका.

लक्समीटर नसला तरी तुमच्याकडे कॅमेरा आहे. स्क्रीनवर पूर्ण पांढरी खिडकी उघडा, कॅमेऱ्यात फक्त तो पांढरा भरेल एवढं जवळ जा, फोकस मुद्दाम बिघडवा. आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ ५.६ पक्कं ठेवून मीटर कोणती शटर सुचवतो ते बघा. मग दिव्याखाली प्रिंटचा कोरा कागद ठेवून तेच करा. दोन्हीकडे सारखी शटर आली की स्क्रीन आणि कागदाचं तेज जुळलं. १०० ते १२० निटला हे उत्तर १/३० च्या आसपास येतं. स्क्रीनवर तिरप्या रेघा किंवा लुकलुक जाणवली तर अ‍ॅपर्चर बारीक करून शटर १/१५ पेक्षा मंद करा. ही तुलना फुकट आहे, आणि मी अजूनही नव्या जागी काम लावताना आधी हीच करते.

पांढऱ्याच्या छटेबद्दल तुम्ही ६५०० की ५००० असं विचारलंय. वेबसाठी आणि रोजच्या एडिटिंगसाठी डी६५ म्हणजे सुमारे ६५०० केल्विनचा पांढरा ठेवा, रंगनकाशावर x ०.३१२७ आणि y ०.३२९०. प्रिंट शेजारी ठेवून ५००० केल्विनच्या दिव्याखाली तुलना करायची असेल, तर डी६५ ची स्क्रीन कागदापेक्षा निळी वाटेल आणि ठोक डी५० ठेवलं तर बऱ्याच मॉनिटरांवर ती पिवळट वाटेल. मी अशा वेळी मधली छटा डोळ्यांनी जुळवते आणि तोच बिंदू मोजून लक्ष्य म्हणून देते. याला कारण आहे. उपकरण ज्या ‘प्रमाण निरीक्षका’च्या हिशेबाने रंग मोजतं तो १९३१ सालचा आहे, आणि राइट व गिल्ड यांनी मिळून केवळ १७ माणसांवर केलेल्या प्रयोगांतून तो आला आहे. अरुंद वर्णपटाच्या आधुनिक बॅकलाइटवर (पडद्यामागच्या दिव्यावर) त्या सरासरी डोळ्याला जे दोन पांढरे सारखे, ते तुमच्या डोळ्याला सारखे दिसतीलच असं नाही. तेव्हा आकडे जुळूनही पांढरा वेगळा वाटला, तर स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेऊ नका.

भडक लालाची गोष्ट याहून सरळ आहे. तुमच्या मॉनिटरचा लाल एसआरजीबीच्या लालापेक्षा बराच पुढचा आहे. एसआरजीबी फाइलमधला २५५, ०, ० हा आकडा जसाच्या तसा पाठवला तर मॉनिटर त्याच्याकडचा सगळ्यात गडद लाल ओतणार. फोटोशॉप तुमचं प्रोफाइल वाचतो, या मॉनिटरला एवढा लाल नको हे ओळखतो आणि आकडा कमी करून पाठवतो. फोल्डरमधून फोटो उघडणारा प्रोग्राम ते करत नाही. डेस्कटॉपवरचं चित्र, काही व्हिडिओ प्लेअर, बरेचसे छोटे प्रोग्राम याच वर्गातले. मोठ्या पल्ल्याचा मॉनिटर घेतला की हा फरक उघडा पडतो. जुन्या साध्या मॉनिटरचा पल्ला एसआरजीबीच्याच जवळ असायचा, म्हणून तो इतकी वर्षं कुणाला जाणवला नाही.

कोणता प्रोग्राम विश्वासाचा हे ऐकीव माहितीवर ठरवू नका, स्वतः पाहा. एखादा फोटो फोटोशॉपमध्ये प्रोफोटो आरजीबी या फार मोठ्या रंगपल्ल्यात बदला, प्रोफाइल आत ठेवून जेपेग करा आणि त्या प्रोग्राममध्ये उघडा. रंग राखेसारखे फिके झाले तर तो फाइलचं प्रोफाइल वाचत नाही. दुसरी परीक्षा मॉनिटरच्या प्रोफाइलची. विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन क्षणभर तुमच्या मॉनिटरला मुद्दाम चुकीचं प्रोफाइल, समजा प्रोफोटोच, द्या आणि प्रोग्राम बंद करून परत उघडा. फोटो बदलला तर तो मॉनिटरचं प्रोफाइल वाचतो. बदललाच नाही तर त्याच्यावर रंगाचा निर्णय घ्यायचा नाही. मग आपलं प्रोफाइल पुन्हा मूळ जागी लावायला विसरू नका.

तुमचं निम्मं काम दुकानाच्या वेबसाइटचं आहे. त्यासाठी मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड असेल तर तो वापरून पाहा. त्यात पल्ला आतून मर्यादित होतो आणि सगळे प्रोग्राम साधारण सारखे दिसू लागतात. अडचण अशी की बऱ्याच मॉनिटरांत या मोडमध्ये ब्राइटनेस किंवा रंगाचे कंट्रोल कुलूपबंद असतात. १०० निटवर आणता येत असेल तर त्या मोडचं वेगळं प्रोफाइल करा. दोन मोड, दोन प्रोफाइल, आणि मोड बदलला की प्रोफाइलही बदलायचं. पूर्ण पल्ल्याच्या मोडला एसआरजीबी मोडचं प्रोफाइल लावलं तर फोटोशॉपही चुकीचं दाखवायला लागेल.

आता कलरीमीटर. डेल्टा ई ०.६ या आकड्याने तुम्ही निश्चिंत झालात, पण तो आकडा कुणी काढला ते पाहा. ज्या उपकरणाने प्रोफाइल बनवलं त्यानेच ते तपासलं. हे ज्या तराजूने माल तोलला त्याच तराजूवर तो पुन्हा तोलण्यासारखं आहे. तराजूच हलका असेल तर दोन्ही वेळा वजन तंतोतंत जुळणार. ०.६ एवढंच सांगतो की मॉनिटर स्थिर आहे आणि प्रोफाइल त्या मोजमापाशी इमानदार आहे. मोजमाप खरं आहे की नाही हे त्यातून कळत नाही.

आणि तुमच्या मॉनिटरच्या बाबतीत शंकेला जागा आहे. एवढा पल्ला मिळवण्यासाठी हल्लीच्या बऱ्याच मॉनिटरांत निळ्या एलईडीबरोबर पीएफएस नावाचा लाल फॉस्फर वापरतात. तो ६३१ नॅनोमीटरच्या आसपास फार अरुंद शिखरांत लाल प्रकाश देतो. कलरीमीटरमध्ये रंगीत फिल्टर असतात. ते माणसाच्या डोळ्याच्या प्रतिसादाशी जुळावेत अशी अपेक्षा असते, पण तंतोतंत कधीच जुळत नाहीत. पसरट वर्णपटात ही चूक बरीचशी वाटली जाते. सगळा लाल एका अरुंद शिखरात आला की फिल्टरची तिथली चूक पूर्णपणे मोजमापात उतरते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये बॅकलाइटचा प्रकार निवडायचा पर्याय असतो: पांढरी एलईडी, पीएफएस फॉस्फर, क्वांटम डॉट, ओएलईडी वगैरे. तुमच्या उपकरणाच्या जुन्या सॉफ्टवेअरात बहुधा ‘पांढरी एलईडी’ एवढंच असेल आणि तुम्ही तेच घेतलं असेल. त्याने पांढऱ्यातच किंचित हिरवी किंवा गुलाबी झाक बसते आणि सगळे लाल थोडे सरकतात.

यावर उपाय म्हणजे कॅलिब्रेशन-प्रोफाइलची विनामूल्य सॉफ्टवेअरं: अर्गिल सीएमएस आणि त्यावर चालणारं डिस्प्लेकॅल. मूळ लेखकाने डिस्प्लेकॅलचं काम थांबवल्यावर इतरांनी पायथन ३ वर ते पुढे चालू ठेवलंय, तीच आवृत्ती घ्या. त्यात दुरुस्तीच्या फाइली दोन जातींच्या मिळतात, आणि इथे पुष्कळ जण फसतात. एक जात मॉनिटरच्या वर्णपटाची. उपकरणाला स्वतःच्या फिल्टरांचा प्रतिसाद ठाऊक असेल, तर तुमच्या बॅकलाइटच्या जातीची वर्णपट फाइल बिनधास्त वापरा. दुसरी जात मॅट्रिक्सची. ती एका विशिष्ट उपकरणाची एका विशिष्ट मॉनिटरवर स्पेक्ट्रोफोटोमीटरशी (फिल्टरांऐवजी पूर्ण वर्णपट मोजणाऱ्या उपकरणाशी) तुलना करून बनते. दुसऱ्या कुणाच्या उपकरणावर बनलेली मॅट्रिक्स तुमच्या उपकरणाला लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालणं, मॉडेल सारखं असलं तरी. तेव्हा ती घेऊ नका. एखाद्या ओळखीच्या प्रेसकडे किंवा लॅबकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल आणि तासाभरासाठी मिळाला, तर स्वतःची मॅट्रिक्स बनवा. स्पेक्ट्रो अंधाऱ्या छटांत कच्चा असतो आणि कलरीमीटर तिथे पक्का, म्हणून स्पेक्ट्रोने दुरुस्ती काढायची आणि मोजणी कलरीमीटरने करायची.

उपकरण खूप जुनं असेल, विशेषतः स्वस्त जातीचं, तर त्यातले फिल्टर दमट हवेत आणि वयाने उतरलेले असू शकतात. कोकण-मुंबईच्या हवेत उघड्यावर ठेवलेलं उपकरण तर मी तुलनेशिवाय वापरणारच नाही.

आता हे सगळं नव्याने करताना क्रम असा ठेवा. मॉनिटर किमान अर्धा तास चालू असू द्या. मेनूतून सगळं मूळ स्थितीला आणा. मग इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आपोआप बदलणारा ब्राइटनेस, निळा प्रकाश कमी करणारे मोड बंद करा. विंडोजमधला नाइट लाइट, एचडीआर आणि नव्या आवृत्त्यांतलं आपोआप होणारं कलर मॅनेजमेंटही बंद. ग्राफिक्स कार्डाच्या पॅनेलमध्ये कुणी रंग ‘उठावदार’ केले असतील तर तेही शून्यावर आणा. रंगाचा मोड ‘यूजर’ किंवा ‘कस्टम’ घ्या, गॅमा २.२, कॉन्ट्रास्ट कंपनीने ठेवलाय तसा. फक्त ब्राइटनेस कमी करून १०० निट गाठा.

त्यानंतर आरजीबी गेनने (मेनूतल्या लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रमाणाने) पांढरा जुळवायचा. यातला नियम, वाढवायचं नाही, जो रंग जास्त आहे तो उतरवायचा. सॉफ्टवेअर तिन्हींचे पट्टे दाखवतं, ते समपातळीत आणा. एवढं मेनूत झालं की ग्राफिक्स कार्डाच्या तक्त्यांना फार कमी काम उरतं, आणि तेच हवंय. आठ बिटच्या जोडणीत प्रत्येक रंगाचे २५६ टप्पे असतात. पांढरा जुळवायला तक्त्याने निळा ८५ टक्क्यांवर दाबला, तर निळ्याला सुमारे २१७ टप्पे उरतात. त्यातून आकाशाच्या उतरत्या छटेत पट्टे दिसू लागतात. म्हणून मेनूत पांढरा जुळल्यावर सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्याचं लक्ष्य ‘मोजलं तसं’ ठेवा आणि त्याला फक्त करडे टप्पे सरळ करू द्या. काळा जेवढा खोल आहे तेवढा राहू द्या, तो वर उचलायचा नाही.

प्रोफाइलचा प्रकार एक कर्व्ह आणि मॅट्रिक्स असा साधाच घ्या (ही मॅट्रिक्स वरच्या दुरुस्तीच्या फाइलपेक्षा वेगळी). ठीकठाक आयपीएस मॉनिटरला तो पुरतो आणि छटा गुळगुळीत राहतात. हजारो पॅचेस (रंगांचे नमुने) मोजून मोठं तक्त्याचं प्रोफाइल करायचा मोह होतो. मॉनिटर विचित्र वागत असेल तरच त्याचा फायदा, नाहीतर मोजणीतली किरकोळ थरथर प्रोफाइलमध्ये उतरते. शे-दोनशे पॅचेस भरपूर झाले. नंतर तपासणीत ‘डेल्टा ई २०००’ या सूत्राने आलेली सरासरी १ च्या आत आणि कमाल ३ च्या आत आली तर ते काम समाधानकारक. आणि शेवटी डोळ्यांनी पाहा: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करडी पट्टी उघडा, मध्ये कुठे हिरवी-गुलाबी झाक येते का, पायऱ्या दिसतात का. माणसाचा डोळा करड्यातली झाक फार लवकर पकडतो.

विंडोजमध्ये तक्ते पुसले जाण्याची सवय आहे. झोपेतून उठल्यावर, एखादा खेळ पूर्ण पडद्यावर चालवल्यावर, ड्रायव्हर नवा टाकल्यावर. तक्ते परत भरणारा एकच प्रोग्राम चालू ठेवा. दोन कंपन्यांचे लोडर एकदम चालू असले की कोण जिंकेल सांगता येत नाही. फोटोशॉपच्या कलर सेटिंगमध्येही एकदा डोकावा. तिथे वर्किंग स्पेस (फोटो ज्या रंगपल्ल्यात एडिट होतात तो) म्हणून मॉनिटरचं प्रोफाइल निवडलेलं मी किती तरी स्टुडिओंत पाहिलंय. तसं केलं की तुमच्या मॉनिटरच्या खोडी प्रत्येक फाइलमध्ये शिरतात. वर्किंग स्पेस एसआरजीबी किंवा अ‍ॅडबी आरजीबी, मॉनिटरचं प्रोफाइल फक्त विंडोजकडे.

अ‍ॅडबी आरजीबीबद्दल एक गैरसमज सोडवते, कारण तुम्ही साडीच्या लालासाठी कॅमेरा त्यावर ठेवल्याचं लिहिलंय. अ‍ॅडबी आरजीबीचे मूळ लाल आणि निळा बिंदू एसआरजीबीचेच आहेत. वेगळा आहे तो हिरवा. हिरव्या, मोरपंखी पैठणीला त्याचा खरा उपयोग, कुंकवासारख्या शुद्ध लालाला फारसा नाही. आणि अल्बमची लॅब एसआरजीबी मागत असेल तर अ‍ॅडबी आरजीबीची फाइल तशीच पाठवल्यास सगळे रंग मरगळतात. पाठवण्याआधी एसआरजीबीत रूपांतर करा, नुसता शिक्का बदलू नका, आणि प्रोफाइल फाइलच्या आत ठेवा. लॅबकडे कागदाचं आयसीसी प्रोफाइल मागून पाहा. मिळालं तर फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ करा, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच पाहा. नाही मिळालं तर एका पानात रंगांचे चौकोन, करडी पट्टी आणि चार त्वचेचे फोटो घालून ते पान छापून घ्या. नवा अल्बम करताना ते पान तुमच्या दिव्याखाली ठेवून स्क्रीनशी पाहत जा.

दुकानातला तिसरा लाल बहुतांशी दिव्यांचा आहे. दुकानांत, घरांत जे स्वस्त ६५०० केल्विनचे एलईडी बॅटन असतात त्यांचा रंगदर्शन निर्देशांक ८० च्या आसपास असतो. त्या निर्देशांकाच्या मुख्य हिशेबात गडद लाल धरलेलाच नाही. त्याचा वेगळा आकडा आर९, आणि अशा दिव्यांत तो फार खाली असतो. म्हणजे लाल साडी त्या उजेडात खरोखरच विटकरी, मलूल दिसते. तुमच्या फोटोत ती दिवसाच्या उजेडातली आहे. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. साडी आणि स्क्रीन यांची तुलना दुकानाच्या दिव्याखाली करूच नका. तुमच्या टेबलाच्या दिव्याखाली करा, किंवा दुपारी उत्तरेकडच्या खिडकीपाशी. कॅमेऱ्याचाही वाटा आहे. त्याचे फिल्टर डोळ्यासारखे नसतात, आणि जरीकाम, दुहेरी रंगाचं विणकाम, जांभळे-राणी रंग यांत तो हमखास घसरतो. प्रत्येक शूटच्या सुरुवातीला त्याच दिव्यांत २४ चौकोनांचं रंगपत्रक टिपा आणि त्यावरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल करा. ग्राहकाच्या फोनवर काय दिसेल हे मात्र तुमच्या हातात नाही. बऱ्याच फोनांचा मूळ मोडच भडक असतो. दुकानदाराला हे आधी सांगून ठेवा आणि वेबसाइटवर रंगाचं वर्णन शब्दांत लिहायला लावा.

कॅटलॉगचं बोलू. फोटोशॉप टाकल्यावर अनेकांकडे सीएमवायकेचं (छपाईच्या चार शाईंचं) प्रोफाइल उत्तर अमेरिकेचं ‘स्वॉप’ तसंच राहतं. ते तिथल्या वेब ऑफसेट (कागदाच्या रिळावर छापणाऱ्या) यंत्रांसाठी आहे. आपल्याकडे शीटफेड (सुटे कागद घेणाऱ्या) यंत्रावर आर्टपेपरवर छापणाऱ्या प्रेसची छपाई त्याच्याशी जुळत नाही. प्रेसला विचारा, तुम्ही कोणतं प्रोफाइल धरता. ठोस उत्तर आलं नाही तर आर्टपेपरसाठी फोग्रा३९ या ऑफसेट छपाईच्या मोजमापांवर आधारलेलं प्रोफाइल घेऊन पुढे जा. मग सॉफ्ट प्रूफ चालू करा, कागदाचा रंग दाखवायचा पर्यायही. स्क्रीन एकदम फिकी, करडी वाटेल. पर्याय चालू करताना नजर दुसरीकडे ठेवा आणि आजूबाजूचे पांढरे पॅनेल बंद करा, म्हणजे डोळा त्या कागदी पांढऱ्याला सरावतो. भगवा, चमकता नारिंगी आणि गर्द निळा हे रंग चार शाईंत पूर्ण मिळत नाहीत. नारिंगी मंदावतो, निळा जांभळट होतो. निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० टक्क्यांनी खाली ठेवला तर तो निळा राहतो. हे दुकानदाराला स्क्रीनवर आत्ताच दाखवा, छापून आल्यावर नको.

लग्नसराई सुरू होण्याआधी आणि दिवाळीच्या छपाईआधी कॅलिब्रेशन नव्याने करा, कामाच्या दिवसांत महिन्या-दीड महिन्याने. त्यासाठी उपकरण जवळ असावं लागतं, म्हणून मित्राचं परत करून स्वतःचं घ्या, नव्या बॅकलाइटच्या वर्णपट फाइली स्वीकारणारं. मॉनिटरवर खर्च केलेल्या पैशाचं चीज त्यानेच होईल. आणि कॅटलॉगचा डिजिटल प्रूफ प्रेसकडून आधी मागवा. तो प्रूफ आणि मूळ साडी त्या एका दिव्याखाली, १०० निटच्या स्क्रीनशेजारी ठेवा, दुकानदाराला बोलवा, आणि प्रूफवर त्याची सही झाल्यावरच प्लेट काढायला सांगा.